‘गिव्ह अप’ला फ्रेंचमध्ये काय म्हणायचं? नागपूरच्या एका बॅचच्या प्रकल्प नोंदी

२ जून २०२५

शीट उघडली: इंग्रजी फ्रेझल व्हर्ब, म्हणजे ‘गिव्ह अप’सारखी मागे तुकडा जोडलेली क्रियापदं, आणि वाक्प्रचार, त्यांना फ्रेंच आणि मराठी प्रतिशब्द. धरमपेठेतली फ्रेंचची संध्याकाळची बॅच, पातळी बी-१, म्हणजे मधली. पोरं-पोरी बहुतेक मराठी नाहीतर सेमी-इंग्रजी शाळांतून आलेली, काहीजण मिहानमध्ये, विमानतळाजवळच्या औद्योगिक भागात, नोकरीला. क्रियापदं चालवता येतात, काळ येतात. पण वाक्य आधी डोक्यात इंग्रजीत जुळतं आणि तिथेच घोळ होतो. किल्ल्या शोधायच्या म्हणजे ‘लुक फॉर’, म्हणून ‘रगार्दे पूर’. फ्रेंचमध्ये याचा अर्थ किल्ल्यांसाठी कशाकडे तरी बघत बसलोय, असा काहीतरी होईल. तिथे ‘शेर्शे’ एवढं एक क्रियापद पुरतं, मागे शेपूट लागत नाही. ‘वेट फॉर’ला आताँद्र, ‘लिसन टू’ला एकुते, ‘आस्क फॉर’ला दमाँदे. मराठीत तरी आपण ‘च्यासाठी ऐक’ कुठे म्हणतो?

ठरवलं ते असं: या वहीत उच्चार देवनागरीत, नाकातल्या स्वरावर चंद्रबिंदू, शीटमध्ये रोमन. रांग एका क्रियापदाची नाही, एका अर्थाची. शेवटच्या रकान्यात मराठी, आणि ते सजावटीला नाही.

नवतपा संपला म्हणतात. कूलरला कोणी सांगितलेलं दिसत नाही.

३ जून

‘पिक अप’वर अख्खी संध्याकाळ गेली. जमिनीवर पडलेलं पेन उचललं तर रामासे. फोन उचलला तर देक्रोशे, म्हणजे शब्दशः आकड्यावरून काढणं. मोबाइलला आकडा नाही तरी शब्द टिकून आहे. गाडीने वेग घेतला तर प्राँद्र द ला व्हितेस. सोडलेलं काम पुन्हा धरलं तर रप्राँद्र. आणि पोराला शाळेतून पिक अप करायचं असेल तर आले शेर्शे, सरळ अर्थ ‘आणायला जाणे’.

हे शेवटचं वर्गात सांगितलं तेव्हा मागून एक भाऊ म्हणाला, “ताई, आपणबी तेच म्हणतो नं! पोराले आन्याले चाललो.” बरोबर. पोरगं कोणी ‘उचलत’ नाही, उचलतात ते पोलीस.

म्हणून नवा रकाना जोडला: कशाला? पेनला, फोनला, पोराला, वेगाला. हा भरल्याशिवाय फ्रेंच लिहायचं नाही, असा नियम केला.

५ जून

थोडं मुळाकडे. ‘फ्रेझल व्हर्ब’ ही संज्ञा लोगन पिअरसॉल स्मिथ यांनी १९२५ च्या पुस्तकात वापरली. त्यांना ती सुचवली होती ऑक्सफर्ड शब्दकोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी. म्हणजे संज्ञेला यंदा शंभर वर्षं होताहेत. वस्तू मात्र फार जुनी.

फ्रेंचमध्ये ही वस्तू नाही. का नाही, याचं उत्तर भाषाशास्त्रज्ञ लेनर्ड टाल्मी यांच्या मांडणीत सापडतं. हालचालीचं वाक्य घेतलं की त्यात दोन गोष्टी असतात: कुठून कुठे गेला आणि कसा गेला. इंग्रजी ‘कसा’ला क्रियापद करते आणि ‘कुठे’ला मागे आऊट, अप, अक्रॉस असा तुकडा जोडते. फ्रेंच उलट करते. ‘कुठे’ क्रियापदात, ‘कसा’ मागाहून. ‘रन आऊट’ म्हणजे सॉर्तिर आँ कुराँ: बाहेर पडणे, धावत. ‘स्विम अक्रॉस’ म्हणजे त्राव्हेर्से आ ला नाज: पार करणे, पोहून. व्हिने आणि दार्बेलने यांनी १९५८ मध्ये इंग्रजी-फ्रेंच तुलनेचं जे पुस्तक लिहिलं, त्यात अशा अदलाबदलीला नाव मिळालं: शासे-क्र्वाझे. मूळ शब्द नाचातला आहे, दोघं एकमेकांच्या जागा घेतात तो पदन्यास.

आता मराठी बघा. ‘धावत बाहेर पडला.’ ‘पोहून नदी पार केली.’ ‘पाय न वाजवता आत शिरला.’ शिरणे, पडणे, पार करणे, चढणे, उतरणे, परतणे: दिशा क्रियापदातच बसलेली. शब्दांचा क्रम वेगळा, पण बांधणी फ्रेंचच्या घरातली. म्हणजे ही पोरं इंग्रजीच्या पुलावरून फ्रेंचला जाताहेत आणि घराच्या मागच्या दारातून रस्ता आहे.

त्याच पुस्तकाच्या प्रस्तावनेतली एक गोष्ट इथे टिपून ठेवते. न्यूयॉर्कहून माँट्रियालला जाताना लेखकांचं लक्ष रस्त्यावरच्या पाट्यांकडे जातं. इंग्रजी पाटीवर ‘स्लो’. क्युबेकमध्ये त्याचं झालं लाँतमाँ, म्हणजे ‘सावकाश’. फ्रान्सचा माणूस तिथे रालाँतिर लिहील, म्हणजे ‘वेग कमी करा’, क्रियापदच. ही गोष्ट वर्गात सांगायला आमच्या रस्त्यांइतकी सोय दुसरीकडे नसेल. सिमेंटीकरण कुठे ना कुठे चालूच असतं.

११ जून

आज बाईंकडे गेले. माझ्या फ्रेंचच्या बाई. निवृत्त झाल्या तरी लाल पेन सुटलेलं नाही. शीट बघून पहिला प्रश्न: “अगं, ही पोरं फ्रेझल व्हर्ब मुळात बोलतात तरी का?”

नाही बोलत. हाच मुद्दा मला आठवडाभर दिसत होता पण पकडता येत नव्हता. आमच्याकडचं इंग्रजी पुस्तकातून आलेलं. कोणी ‘पुट अप विथ’ म्हणत नाही, ‘टॉलरेट’ म्हणतो. ‘फाइंड आऊट’ नाही, ‘डिस्कव्हर’. ‘गो ऑन’ नाही, ‘कंटिन्यू’. शहरातल्या इंग्रजी शाळेतली मुलं याला हसतात, ‘फारच पुस्तकी बोलतो’ म्हणून. पण हेच पुस्तकी शब्द १०६६ नंतर, नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर, फ्रेंचमधून आणि लॅटिनमधून इंग्रजीत शिरले. टॉलरेट म्हणजे तोलेरे. डिस्कव्हर म्हणजे देकुव्हरिर. कंटिन्यू म्हणजे काँतिन्युए. ‘कॅरी आऊट’ला एक्झिक्यूट म्हणा, एग्झेक्युते हाताशी आलं. ‘गो डाऊन’ला डिसेंड, झालं देसाँद्र. ‘लुक फॉर’ला सर्च म्हटलं तरी शेर्शे त्याचा सख्खा भाऊ.

तर युक्ती अशी: फ्रेझल व्हर्ब समोर आलं की आधी त्याचा जड, दफ्तरी इंग्रजी प्रतिशब्द आठवायचा, मग त्याचं फ्रेंच रूप. वर्गात सांगितल्यावर ज्यांचं इंग्रजी ‘कच्चं’ समजलं जातं तेच पुढे गेले. मला भलताच आनंद झाला.

बाईंनी मात्र लगेच खिळे ठोकले. ‘पुट ऑफ’ला पोस्टपोन सुचेल, पण फ्रेंचमध्ये तसं क्रियापद चालत नाही, रपॉर्ते म्हणा, नाहीतर रमेत्र आ प्ल्यु तार. ‘आस्क फॉर’ला डिमांड सुचेल. दमाँदे बरोबरच आहे, पण ते नम्र मागणं आहे, इंग्रजीतल्यासारखं दरडावणं नाही. ‘बॅक अप’ला सपोर्ट सुचेल आणि माणूस स्युपॉर्ते लिहून बसेल, ज्याचा अर्थ आधार देणे नव्हे, सहन करणे. “बॉसला ‘मी तुम्हाला सपोर्ट करतो’ सांगायला जाईल आणि ‘मी तुम्हाला सोसतोय’ म्हणून येईल.” आधार देण्याला सुत्निर. या तिन्ही रांगा लाल केल्या.

आणि एक बक्षीस मिळालं. सरकारी पत्रातलं आपलं ‘डू द नीडफुल’ ऐकून इंग्रज नाक मुरडतात. फ्रेंचमध्ये फेर ल नेसेसेर हा रोजचा, कोणालाही न खटकणारा प्रयोग आहे.

१९ जून

पेपरात मोठी बातमी: दासो या फ्रेंच कंपनीचं फाल्कन २००० हे विमान इथे मिहानमध्ये जुळवलं जाणार, पॅरिसच्या एअर शोमध्ये काल जाहीर झालं, पहिलं विमान २०२८ पर्यंत द्यायचं आहे. दासो आणि रिलायन्सची संयुक्त कंपनी २०१७ मध्ये झाली, तिचा कारखाना तिथे आहेच. वर्गात आज दुसरा विषय नव्हता. प्रत्येकाला एकच हवं होतं: ‘टेक ऑफ’.

विमान उडालं, देकोले. यात ‘कोल’ म्हणजे खळ, डिंक. म्हणजे चिकटलेलं सुटलं. पाकिटावरचं तिकीट काढायलाही हेच क्रियापद. कोट काढला, आँल्व्हे. रजा घेतली, प्राँद्र अँ जूर द काँजे. धंदा उचलला, पुन्हा देकोले. ‘लँड’ला आतेरिर, त्यात ‘तेर’ म्हणजे जमीन. कारखान्यातल्या शब्दांची स्वतंत्र यादी करा, असा आग्रह झाला. नाही म्हटलं. तांत्रिक शब्द त्यांच्या मॅन्युअलमध्ये असतात, माझ्या शीटमध्ये नकोत.

२६ जून

पाऊस एकदाचा लागला. म्हणून वाक्प्रचारांचं पान आजच उघडलं.

इंग्रजीत कुत्री-मांजरं पडतात, फ्रेंचमध्ये दोऱ्या: इल प्ल दे कॉर्द. आपल्याकडे मुसळं. या दोघांनाही धार दिसली आहे, इंग्रजांना काय दिसलं देव जाणे. याहून रांगडा एक प्रयोग आहे, गाय मुतते तसा पाऊस, कॉम व्हाश की पिस. बाई म्हणाल्या, “लिही. पण पुढे ‘सलगीचं’ असा शिक्का मार, नाहीतर कोणीतरी परीक्षेच्या निबंधात घालून येईल.”

त्यामुळे शिक्क्यांचा रकाना पक्का: सलगीचं, साधं, कागदोपत्री. ‘किक द बकेट’ला कासे सा पीप, चिलीम फुटली. हे गचकला, आटोपला या जातीचं. सांत्वनाच्या पत्रात साधं मुरिरसुद्धा उघडं वाटतं; तिथे देसेदे.

सोपे निघाले ते भराभर लिहून टाकले. भिंतींना कान तिन्ही भाषांत आहेत. बर्फ इंग्रजीत आणि फ्रेंचमध्ये फुटतो. एका दगडात दोन पक्षी मारताना फ्रेंच माणूस दगड ठेवतो, पक्षी सोडतो: फेर द्युन प्येर द कू, एका दगडाचे दोन वार. न सांगता सटकण्याला इंग्रज ‘फ्रेंच रजा’ म्हणतात, फ्रेंच त्याला फिले आ लाँग्लेझ, म्हणजे इंग्रजी थाटात पळणं. शेजाऱ्यांची भांडणं, आपण मध्ये पडायचं नाही.

४ जुलै

‘गिव्ह अप’. शीर्षकात घ्यावी इतकी माजोरी रांग.

सिगरेट सोडली तर आरेते द फ्युमे. इथे ‘सिगरेट’ येत नाही, ‘ओढणं थांबवलं’ असं येतं. हक्क सोडला, रनाँसे आ. प्रकल्प अर्ध्यात टाकला, आबाँदोने. मित्राशी बोलताना लेसे ताँबे, म्हणजे ‘पडू दिलं’. पोलिसांपुढे शरण आला, स राँद्र. मेट्रोत म्हाताऱ्या माणसाला जागा दिली, सेदे सा प्लास. धीर सुटला तर बेसे ले ब्रा, हात खाली सोडले. आपण ‘हात टेकले’ म्हणतो, फार लांब नाही. मुष्टियुद्धातून आलेलं ‘थ्रो इन द टॉवेल’ तिकडे जते लेपाँझ होतं. टॉवेलऐवजी स्पंज फेकतात.

आणि कोडं सुटलं नाही तर? ‘आय गिव्ह अप’ला वरचं एकही चालत नाही. तिथे ज दोन मा लाँग ओ शा: माझी जीभ मांजराला दिली. आपलं ‘हरलो बुवा, तूच सांग.’ वर्गाला हे इतकं आवडलं की पुढचा अर्धा तास मराठी कोडी घालून एकमेकांच्या जिभा मांजराला देणं चाललं.

मांजर फ्रेंचमध्ये सगळीकडे घुसतं. घसा बसला की इंग्रजाच्या घशात बेडूक, फ्रेंचच्या घशात मांजर. स्पष्ट बोलायचं तर इंग्रज फावड्याला फावडं म्हणतो, फ्रेंच मांजराला मांजर. दुसरी कामं पडली आहेत म्हणायला इंग्रज मासे तळतो, फ्रेंचला दुसऱ्या मांजरांना फटके द्यायचे असतात. ससासुद्धा आहे: भेटायचं कबूल करून जो येतच नाही, त्याने पोझे अँ लापँ, ससा ठेवला. मराठीच्या रकान्यात मी ‘वाट पाहायला लावून आलाच नाही’ लिहिलं. बॅचने खोडून ‘गोली दिली’ केलं. राहू दिलं.

१५ जुलै

सीताबर्डीला ऑरेंज लाइनवरून अ‍ॅक्वा लाइनला गाडी बदलताना ‘गेट’चं पान सुचलं. (या मेट्रोला फ्रान्सच्या विकास संस्थेचं, एएफडीचं, १३ कोटी युरोंचं कर्ज आहे. विषयाशी संबंध एवढाच.)

‘गेट ऑन’ला माँते, ‘गेट ऑफ’ला देसाँद्र. चढणे, उतरणे. मेट्रो, बस, रेल्वे, सगळ्यांना चालतं. फरक कारपाशी पडतो: आपण कारमध्ये बसतो, फ्रेंच माणूस तिथेही ‘चढतो’.

पुढची ‘गेट’ मात्र एका गठ्ठ्यात निघाली. गेट अप, स ल्व्हे. गेट अलाँग, साँताँद्र. आजारातून गेट ओव्हर, स रमेत्र. गेट बाय, स देब्रुये. सगळ्यांपुढे तो ‘स’, स्वतःकडे वळणारा. मुलांना हा ‘स’ नेहमी जड जातो. “ताई, तो स्वतःलेच उठवते काहून?” या प्रश्नाला व्याकरणाचं उत्तर आहे, पण ते कोणाला पचत नाही.

मग मराठी रकान्यात एक गोष्ट दिसली. स देब्रुये: निभावून घेणे. ‘हेल्प युवरसेल्फ’, सेर्व्हे-व्हू: वाढून घ्या. स रपोझे: विश्रांती घेणे. आपलं हे ‘घे’ पुष्कळदा फ्रेंच ‘स’च्या जागी बसतं, कारण दोन्हींत काम करणाऱ्याकडेच काहीतरी परत येतं. स ल्व्हेला बसत नाही. ‘उठून घे’ कोणी म्हणत नाही. नियम म्हणून शिकवणार नाही, पण खूण म्हणून चालेल. देब्रुयेपासूनच सिस्तेम दे निघालं, मिळेल त्या सामानात भागवण्याची कला. याला मराठीत काय म्हणतात हे नागपुरात सांगायला नको. जुगाड लिहून पुढे गेले.

नागपूरची म्हणून एक रांग मुद्दाम घातली. ‘तो जेवतो आहे’ला फ्रेंचमध्ये नुसता वर्तमानकाळ पुरतो, पण आत्ता, या क्षणी चाललंय हे ठसवायचं तर एत्र आँ त्रँ द. इल ए ताँ त्रँ द माँझे. पुण्याचं पुस्तक याला ‘जेवत आहे’ देतं. आमच्या रकान्यात: जेवून राहिला.

२८ जुलै

बाईंनी कागदोपत्री भाग तपासला. ‘लुकिंग फॉरवर्ड टू’ची रांग फोडून दोन केल्या. मैत्रिणीला लिहायचं तर जे आत द त रव्ह्वार, तुला भेटायची घाई झाली आहे. कंपनीला लिहायचं तर पत्राच्या शेवटी दाँ लाताँत द व्होत्र रेपाँस, ‘आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत’. हे तर आपल्या शासकीय पत्रातून उचलल्यासारखं आहे. मुलांना पाठ करावं लागलं नाही.

‘फुल अप’वर बाई हसत सुटल्या. पोट भरलं म्हणून मुलीने ज स्वी प्लेन म्हटलं तर ते गाभण जनावराला लावतात ते विशेषण होतं. ज ने प्ल्यु फँ म्हणा, भूक उरली नाही. पुढे त्यांच्या अक्षरात लाल शेरा: जेवायला बोलावलं तर उपयोगी.

२३ ऑगस्ट

काल पोळा, आज तान्हा पोळा आणि मारबत, म्हणजे रोगराई घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांची मिरवणूक. वर्गाला सुट्टी, शीटला नाही.

‘घोड्यापुढे गाडी जोडणं’ हा इंग्रजीवरून आलेला प्रयोग मला कधीच आपला वाटला नाही. फ्रेंच म्हणतात मेत्र ला शार्यु आव्हाँ ले ब: बैलांपुढे नांगर. विदर्भातल्या मुलाला हे समजावून सांगावं लागत नाही. उच्चाराची गंमत तेवढी सांगावी लागते: एक बैल ‘बफ’, अनेक बैल नुसते ‘ब’, शेवटचा फ गळतो. अस्वल मारण्याआधी त्याचं कातडं विकू नका, याला ‘बाजारात तुरी’ लिहिलं. तुरीचा प्रदेश आहे.

दुपारी इतवारीकडे मिरवणूक बघायला गेले. पिवळी मारबत, काळी मारबत आणि मागे बडग्यांची, म्हणजे टोमणे मारणाऱ्या पुतळ्यांची रांग, या वर्षीही टोमणे झणझणीत. ‘रोगराई घेऊन जा गे मारबत’ ऐकता ऐकता ‘टेक अवे’ची अडलेली रांग सुटली. फ्रेंचमध्ये वस्तू नेली तर आँपॉर्ते, माणूस चालवत नेला तर आँम्ने. आणण्यालाही तसंच, आपॉर्ते आणि आम्ने. मारबत रोगराई नेते, म्हणजे आँपॉर्ते. आजाराने माणूस नेला तरी फ्रेंच आँपॉर्तेच म्हणतात, कारण तिथे तो आपल्या पायांनी जात नाही. हॉटेलच्या पाटीवरचं आ आँपॉर्ते म्हणजे आपलं पार्सल. चार क्रियापदांची चौकट आखून ठेवली: आणणे-नेणे आडवं, वस्तू-माणूस उभं.

३० ऑगस्ट

बर्डीवर झेरॉक्सला फाइल दिली. स्पायरल बायंडिंग, रंगीत छपाई परवडत नाही, म्हणून लाल रांगांऐवजी बाजूला फुली. बाईंची एकच अट होती, मराठी रकाना शेवटी नको, इंग्रजीच्या लगेच शेजारी हवा. वाचताना डोळा इंग्रजीवरून थेट फ्रेंचवर उडी मारतो आणि मधला रकाना रिकामा असल्यासारखा राहतो. बदलला.

‘पुट’ आणि ‘सेट’ची पानं या खेपेला नाहीत. ‘सेट अप’ची मेत्र आँ प्लास ही एक रांग झाली आहे, बाकीच्यांचा ‘कशाला?’चा रकाना अजून कोरा आहे. मिहानवाल्यांनी त्यांच्या मेलमधली खरी वाक्यं आणायचं कबूल केलंय. ती आली की पुढची नोंद.